पाटी दुसऱ्याची, हात मायबाखचा

वडिलांची 1960च्या दशकातली फियाट अजून आमच्या दारात उभी आहे. दर पावसाळ्यानंतर ती रुसते. मग आमचे म्हातारे मिस्त्री येतात, बॉनेट उघडतात आणि इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरचा एक बारीक स्क्रू हलक्या हातानं फिरवू लागतात. स्क्रू जास्त आत गेला की पेट्रोल कमी पडतं, इंजिन अडखळतं. जास्त बाहेर आला की पेट्रोल वाढतं, वास सुटतो आणि आवाज जड होतो. या दोन टोकांच्या मधली जागा मिस्त्री कानानं शोधतात. ती सापडली की गाडी मांजरीसारखी गुरगुरू लागते.

हे पाहताना मला विल्हेल्म मायबाख आठवतो. माझी उमेदीची वर्षं बँकेत गेली. तिथं कर्जाच्या प्रस्तावावर टिपण एकानं लिहायचं आणि सही दुसऱ्यानं करायची, हा रिवाज. त्यामुळे सहीमागच्या माणसांविषयी मला जरा जास्तच जिव्हाळा आहे.

मायबाखचा जन्म 1846 सालचा, जर्मनीतल्या हाइलब्रॉन गावचा. वडील सुतार, घरात पाच मुलगे. आई आधी गेली, पाठोपाठ वडीलही. दहाव्या वर्षी पोरका झालेला हा मुलगा रॉइटलिंगेन इथं गुस्ताव वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकानं चालवलेल्या आश्रमात आला. आश्रमाचे स्वतःचे कारखाने होते. मुलाचा हात चित्रकलेत चांगला, म्हणून त्याला यंत्रांचे आराखडे काढायला बसवलं. त्याच कारखान्यावर पुढे गॉटलीब डाइम्लर व्यवस्थापक म्हणून आला. वयानं बारा वर्षांनी मोठा असलेल्या डाइम्लरनं या पोराचं पाणी ओळखलं. ही सोबत डाइम्लरच्या मृत्यूपर्यंत टिकली.

डॉइट्झच्या कारखान्यात निकोलाउस ऑटोचं चार टप्प्यांचं इंजिन 1876 साली आकाराला आलं, तेव्हा ते उत्पादनायोग्य करण्यात मायबाखचा मोठा वाटा होता. 1882 साली दोघंही तिथून बाहेर पडले. कानश्टाटमध्ये डाइम्लरच्या बंगल्याच्या बागेतलं काचघर हीच त्यांची प्रयोगशाळा झाली. आत रात्रंदिवस काय ठोकाठोक चालते, या संशयानं माळ्यानं पोलिसांना बोलावलं आणि खोट्या नाण्यांऐवजी त्यांना इंजिनं सापडली, असं सांगतात. 1885 साली तिथूनच पेट्रोलवर चालणारी दुचाकी बाहेर पडली.

पण इंजिनात पेट्रोल पोचवायचं कसं, हा प्रश्न नीट सुटला नव्हता. तेव्हाच्या कार्ब्युरेटरात हवा पेट्रोलला स्पर्शून जाई आणि उडालेली वाफ घेऊन इंजिनात शिरे. त्यात खोट अशी, की हलका अंश आधी उडून जाई आणि जड अंश तळाशी राही. मिश्रण सतत बदले.

मायबाखनं 1893 साली वाट बदलली. एका छोट्या टाकीत तरंगत्या फ्लोटनं पेट्रोलची पातळी कायम ठेवायची. इंजिन श्वास घेईल तेव्हा हवा अरुंद वाटेनं वेगानं आत येते, तिचा दाब उतरतो आणि बारीक तोटीतून पेट्रोलचे तुषार आपसूक ओढले जातात. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. हा हिशेब आता इंजिनाच्या श्वासानंच होऊ लागला. हंगेरीतले बांकी आणि चोन्का हेही त्याच वर्षी याच वाटेवर होते, हे न्यायानं सांगायला हवं.

गंमत म्हणजे हे काम मायबाखनं केलं ते कंपनीबाहेर राहून. डाइम्लरच्या नावानं 1890 साली कंपनी निघाली, पण कराराच्या अटी न पटल्यानं तो 1891 साली बाहेर पडला होता. भागीदारांशी डाइम्लरचंही पटत नव्हतं. त्यानं कानश्टाटच्या एका बंद पडलेल्या हॉटेलात मायबाखला जागा आणि पैसा पुरवला. 1895 साली दोघं सन्मानानं परतले.

मार्च 1900 मध्ये डाइम्लर गेला. त्यानंतर मायबाखनं एमिल येलिनेक या धनिक ग्राहकासाठी 35 अश्वशक्तीची गाडी घडवली. 1901 साली फ्रान्समधल्या नीस इथल्या शर्यतींत तिनं सगळ्यांना मागं टाकलं. फ्रान्समध्ये मायबाखला रचनाकारांचा राजा म्हणू लागले. गाडीला मात्र नाव मिळालं येलिनेकच्या मुलीचं : मर्सिडीज.

आधार देणारा मित्र नव्हता. कंपनीत मायबाखला हळूहळू बाजूला सारलं गेलं आणि 1907 साली, एकसष्टाव्या वर्षी, तो कायमचा बाहेर पडला. पण तो कुढत बसला नाही. 1909 पासून मुलगा कार्ल याच्यासह झेपेलिन विमाननौकांच्या इंजिनांमागे लागला. पुढं 1921 साली कार्लनं मोटारी काढल्या आणि मायबाख हे नाव अखेर गाडीवर झळकलं. 29 डिसेंबर 1929 रोजी मायबाख गेला. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइम्लर आहे, तिथंच तोही विसावला आहे.

आता नव्या गाड्यांत कार्ब्युरेटर उरला नाही. तो हिशेब संगणक करतो. आमच्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकायला कुणी येत नाही. यंदा त्यांनी स्क्रू ड्रायव्हर माझ्याच हातात दिला. मी स्क्रू दोनदा चुकवला. तिसऱ्यांदा इंजिनाचा आवाज सलग झाला, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. गाडीच्या कागदांवर नाव आमचं आहे. ती इतकी वर्षं चालती ठेवली त्यांनी, हे मला त्या क्षणी नीट कळलं.