शिंप्याचा पोरगा आणि माझा स्क्रू जॅक

गेल्या सेमिस्टरला मी कॅडमध्ये स्क्रू जॅक काढला. बॉडी, स्क्रू, नट, कप, टॉमी बार, सगळी असेंब्ली झकास बसली. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर रेंडर काढायला बसलो आणि घाईघाईत अख्ख्या असेंब्लीला एकच मटेरियल देऊन टाकलं. सकाळी सरांनी प्रिंट बघितली आणि विचारलं, यात नट कुठाय? मलाही चटकन दाखवता येईना. सगळा जॅक करड्या प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा दिसत होता. दोन दिवसांत पुन्हा करून आण, असा हुकूम झाला.

रूमवर येऊन मटेरियलची यादी उघडली तर त्यात एक नाव, लॅम्बर्ट. मला वाटलं एखादी कंपनी असेल. शोधायला गेलो आणि सबमिशन राहिलं बाजूला, मी त्या माणसातच अडकलो.

योहान हाइनरिश लॅम्बर्ट. जन्म २६ ऑगस्ट १७२८, गाव म्युलूझ. हे गाव आता फ्रान्समध्ये आहे, पण त्या वेळी ते स्विस संघाशी जोडलेलं स्वतंत्र शहर होतं. वडील शिंपी, घरात खाणारी तोंडं पुष्कळ. बाराव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा बापाच्या हाताखाली कामाला लागला. शिकायचं ते फावल्या वेळात, स्वतःचं स्वतः. पंधराव्या वर्षी लोखंडाच्या कारखान्यात कारकून, सतराव्या वर्षी बाझेलमध्ये एका संपादकाचा सेक्रेटरी. १७४८ साली खूर गावच्या फॉन सालिस या बड्या घराण्यात मुलांना शिकवायची नोकरी लागली. तिथं त्याला खरा खजिना सापडला, म्हणजे मालकांची लायब्ररी. मुलांना शिकवता शिकवता यानं गणित, खगोल, पदार्थविज्ञान सगळं पालथं घातलं. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, त्यामुळे बॅकलॉगचाही प्रश्न आला नाही!

१७६० साली त्याचं ‘फोटोमेट्रिया’ हे लॅटिन पुस्तक आउग्सबुर्गला छापून आलं. विषय एकच, प्रकाश मोजायचा कसा? आणि मोजायला यंत्र कोणतं? काहीच नाही. मेणबत्त्या, आरसे, भिंगं, पडदे आणि स्वतःचे डोळे. दोन पृष्ठभाग सारखेच उजळ दिसेपर्यंत मेणबत्ती पुढे-मागे करायची आणि अंतरावरून हिशेब लावायचा. आपण इथं लॅबमध्ये रीडिंग ‘अ‍ॅडजस्ट’ करतो, त्याची मला जरा लाजच वाटली.

रेंडरवाल्यांच्या कामाचं त्यातलं सूत्र असं. खरखरीत, चमक नसलेल्या पृष्ठभागावर किरण सरळ पडला तर उजेड पूर्ण, तिरका पडला तर कोनाच्या कोसाइनप्रमाणे कमी. साठ अंशाला बरोबर निम्मा. आणि असा पृष्ठभाग कुठल्याही बाजूनं बघा, सारखाच उजळ दिसतो. खडू, चुन्याची भिंत, जाडंभरडं कापड साधारण असंच वागतात. पृष्ठभाग किती उजेड परत टाकतो याला त्यानं ‘अल्बिडो’ म्हटलं, आणि तो शब्द आजही रेंडरिंगमध्ये चालतो.

आता माझा जॅक कुठं चुकला ते कळलं. बॉडी बिडाची. तिचा ओतीव भाग खडबडीत, तो लॅम्बर्टच्या जवळचा. पण त्याच बॉडीचा मशिनिंग केलेला फेस चमकतो, म्हणजे पार्ट एक असूनही त्या फेसला वेगळं मटेरियल द्यायला हवं. स्क्रू पोलादाचा, नट फॉस्फर ब्रॉन्झचा. ही चमक लॅम्बर्टच्या सूत्रात बसत नाही. ती संगणकावर सोप्या सूत्रात बसवली बुई तुओंग फोंग या व्हिएतनामी संशोधकानं, ज्याचा निबंध १९७५ साली प्रसिद्ध झाला. त्यातही एक गंमत आहे. धातूच्या चमकेला धातूचाच रंग असतो, प्लॅस्टिकची चमक मात्र दिव्याच्या रंगाची. ब्रॉन्झवर पांढरा ठिपका उमटला की झालंच त्याचं खेळणं.

लॅम्बर्ट पुढे बर्लिनला गेला. त्याचं दिसणं आणि वागणं इतकं गबाळं की राजा फ्रेडरिक आधी बिचकलाच, पण १७६५ मध्ये त्याला अकादमीत घेतलं. पाय ही संख्या अपरिमेय आहे हे प्रथम सिद्ध करणारा हाच. सिव्हिलवाल्यांनो, नकाशांसाठी वापरतात ते लॅम्बर्ट शंकू प्रक्षेपणही याचंच, १७७२ सालचं.

त्याच वर्षी त्यानं रंगांचा एक पिरॅमिड केला. तळाला लाल, पिवळा, निळा आणि त्यांची मिश्रणं, वर जाल तसे फिकट होत टोकाला पांढरा. मला सगळ्यात आवडलं ते त्यानं सुचवलेला उपयोग. कापडाच्या व्यापाऱ्यानं तो बघून आपल्या दुकानात कोणत्या रंगाचा माल नाही ते ताडावं. एवढा मोठा गणिती, पण कापड काही विसरला नव्हता. २५ सप्टेंबर १७७७ रोजी बर्लिनमध्ये तो गेला, वयाच्या ४९व्या वर्षी.

मी आधी असेंब्लीवरचं मटेरियल काढून टाकलं, कारण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये ते पार्टच्या मटेरियलवर चढून बसतं. मग एकेका पार्टला, आणि बॉडीच्या दोन फेसना, वेगवेगळं दिलं. सेक्शन घेऊन रेंडर काढलं. करड्या बॉडीत पिवळसर नट स्वच्छ दिसत होता. सरांनी तो न विचारता बघितला आणि सही केली.