मोडका क्रँकशाफ्ट आणि हेन्री रॉईस

आयसी इंजिनच्या व्हायवाला एक प्रश्न हमखास येतो. इनलाइन सहा सिलिंडर इंजिन इतकं स्मूथ का चालतं? उत्तर सगळ्यांना पाठ असतं. प्रायमरी आणि सेकंडरी फोर्सेस, त्यांचे कपल्स, सगळे आपापसात रद्द होतात. मार्क मिळाले, विषय संपला, चला कॅन्टीनला!

पण मित्रांनो, शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने असंच सहा सिलिंडरचं इंजिन बनवलं आणि त्याचे क्रँकशाफ्ट चक्क मोडायला लागले. पाठ्यपुस्तकात सगळं बॅलन्स झालेलं आणि रस्त्यावर शाफ्टचे दोन तुकडे! त्या माणसाचं नाव हेन्री रॉईस. आपल्याला रोल्स-रॉईस म्हटलं की राजे-महाराजे आणि चकचकीत गाड्या आठवतात. मला मात्र आता तो मोडका शाफ्ट आठवतो.

हेन्रीचा जन्म २७ मार्च १८६३चा, इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या ऑल्वॉल्टन गावातला. पाच भावंडांत हा सर्वांत धाकटा. वडील पिठाची गिरणी चालवायचे, पण धंदा बुडाला आणि कुटुंब लंडनला आलं. हेन्री नऊ वर्षांचा असताना वडील गेले. मग पेपर विकणं, तारा पोचवणं अशी कामं सुरू झाली. शाळा म्हणाल तर सगळी मिळून जेमतेम वर्षभर.

१८७८ साली एका आत्याने पैशाची मदत केली आणि तो पीटरबरोच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अ‍ॅप्रेंटिस म्हणून लागला. फाइलिंग, फिटिंग, लेथ. आपण फर्स्ट इयरला जे कंटाळत करतो, ते त्याने जीव ओतून केलं. पण तीन वर्षांत आत्याचे पैसे संपले आणि अ‍ॅप्रेंटिसशिप अर्धवट राहिली. आजच्या भाषेत सांगायचं तर हा माणूस ड्रॉप-आउट. हातात सर्टिफिकेट नाही, खिशात पैसे नाहीत. लीड्सला टूल बनवायचं काम करून तो १८८१ मध्ये लंडनच्या एका वीज कंपनीत लागला. वीज तेव्हा नवीन होती, त्यामुळे डिग्री विचारणारं फारसं कोणी नव्हतं. जे यायचं नाही ते तो रात्री वाचून शिकला.

१८८४ मध्ये मँचेस्टरला कुक स्ट्रीटवर अर्नेस्ट क्लेअरमाँटबरोबर त्याने स्वतःचा कारखाना काढला. रॉईसचे २० पौंड आणि क्लेअरमाँटचे ५०, एवढंच भांडवल. दोघं वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहायचे. विजेच्या घंटा, मग डायनॅमो, मग इलेक्ट्रिक क्रेन असा धंदा वाढत गेला. कामात बुडाला की तो जेवायचं विसरायचा, आणि ही सवय पुढे त्याला फार महागात पडली.

१९०२च्या सुमारास परदेशी क्रेनमुळे धंदा मंदावला आणि त्याची तब्येतही ढासळली. डॉक्टरांनी सक्तीने सुट्टीवर पाठवलं. परत आल्यावर त्याने एक सेकंड हँड फ्रेंच गाडी घेतली, दोन सिलिंडरची डेकोव्हिल. गाडी तशी वाईट नव्हती, पण तिचा आवाज आणि थरथर त्याला सहन होईना. त्याने ती खोलली आणि यापेक्षा चांगली आपणच बनवू असं ठरवलं. १ एप्रिल १९०४ रोजी त्याची पहिली १० हॉर्सपॉवरची गाडी रस्त्यावर आली. ४ मे रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात त्याची भेट चार्ल्स रोल्सशी झाली. रोल्स श्रीमंत घरातला, केंब्रिजचा इंजिनिअर, लंडनमध्ये गाड्या विकणारा. शाळा सुटलेला एक आणि केंब्रिजवाला एक, अशी ही जोडी! रॉईसने बनवायचं आणि रोल्सने विकायचं असं ठरलं.

दोन, तीन, चार आणि सहा सिलिंडर, अशा चार प्रकारच्या गाड्या ठरल्या. इथेच आपली खरी गोष्ट सुरू होते.

३० हॉर्सपॉवरचं सहा सिलिंडर इंजिन म्हणजे दोन-दोन सिलिंडरचे तीन ब्लॉक एका ओळीत. बोअर १०० मिमी, स्ट्रोक १२७ मिमी, एकूण जवळजवळ ६ लिटर. कागदावर उत्तम. पण सहा सिलिंडर एका ओळीत म्हणजे क्रँकशाफ्ट लांबलचक, आणि लांब शाफ्ट हा नुसता शाफ्ट नसतो, ती पिळली जाणारी स्प्रिंग असते. फोर स्ट्रोक सहा सिलिंडरमध्ये दर फेऱ्याला तीन वेळा फायरिंग होतं, म्हणजे शाफ्टला तीन वेळा पिळ्याचा झटका बसतो. एका ठरावीक स्पीडला या झटक्यांची फ्रिक्वेन्सी शाफ्टच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीशी जुळली की रेझोनन्स! झोपाळ्याला योग्य वेळी हलकेच ढकलत राहिलं की तो उंच जातो, तसा शाफ्ट जास्त जास्त पिळला जातो. बाहेरून इंजिन बॅलन्स्ड, आत मेटल फटिग होतंय. शेवटी एक दिवस तुकडा. याला आपण टॉर्शनल व्हायब्रेशन म्हणतो. तेव्हा बहुतेकांना हे नीट कळलेलं नव्हतं, आणि सहा सिलिंडर बनवणाऱ्या इतरांनाही हाच त्रास होत होता.

रॉईसची परिस्थिती विचारात घ्या. १५ मार्च १९०६ रोजी रोल्स-रॉईस लिमिटेड कंपनी रजिस्टर झाली. लोकांचे पैसे लागलेले, नाव अजून व्हायचंय आणि सर्वांत मोठी गाडी शाफ्ट मोडते. ड्रायव्हरने इंजिन ताणलं, मालकाने तेल घातलं नाही, अशी कारणं सांगून वेळ मारून नेता आली असती. किंवा सहा सिलिंडरचा नादच सोडून देता आला असता. त्याने दोन्ही केलं नाही. चाळीस गाड्याही पूर्ण व्हायच्या आधी ३० हॉर्सपॉवरचं मॉडेल मागे पडलं आणि तो नव्या कोऱ्या कागदावर परत बसला.

१९०६च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात जे दिसलं ते ४०/५० हॉर्सपॉवरचं इंजिन. त्याचं स्पेसिफिकेशन बघण्यासारखं आहे. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही साडेचार इंच, म्हणजे ११४ मिमी. एकूण ७०३६ सीसी. तीन-तीन सिलिंडरचे दोन ब्लॉक. ताकद साधारण १२०० आरपीएमला ४८ हॉर्सपॉवर. आज सात लिटरमधून एवढीच पॉवर म्हटल्यावर हसू येईल, पण गंमत पॉवरमध्ये नव्हतीच. क्रँकशाफ्ट जाडजूड आणि त्याला सात मेन बेअरिंग, म्हणजे प्रत्येक क्रँकच्या दोन्ही बाजूंना आधार. स्ट्रोक कमी केल्यामुळे क्रँकही आखूड झाले. परिणामी शाफ्ट ताठ झाला, त्याची नॅचरल फ्रिक्वेन्सी वर गेली आणि रेझोनन्सचा स्पीड रोजच्या वापरातून लांब पळाला. पोकळ शाफ्टमधून बेअरिंगना प्रेशरने तेल जायचं. सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात, म्हणजे हेड गॅस्केट उडायचा प्रश्नच नाही. इग्निशन दोन, एक मॅग्नेटो आणि एक कॉइल. एक बंद पडलं तरी गाडी घरी पोचणार. पुढे शाफ्टच्या टोकाला घर्षणावर चालणारा डॅम्परही आला. याच प्रश्नावर फ्रेडरिक लँचेस्टर हा दुसरा इंग्लिश इंजिनिअरही काम करत होता आणि त्याने स्वतःच्या डॅम्परचं पेटंट घेतलं.

१९०७ मध्ये याच मॉडेलची एक गाडी चंदेरी रंगवून, सिल्व्हर घोस्ट असं नाव देऊन, १५ हजार मैलांच्या चाचणीला काढली. लंडन ते ग्लासगो, परत लंडन, परत ग्लासगो. सुरुवातीला एकदा हादऱ्याने पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला आणि गाडी थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल ती बिघाडाने थांबली नाही. नंतर परीक्षकांनी इंजिन पूर्ण खोललं. गाडी अगदी नव्यासारखी करायला लागणाऱ्या पार्ट्सचा खर्च निघाला दोन पौंडांच्या थोडा वर! त्याच जातीची एक गाडी १९०८ मध्ये आपल्याकडे मुंबई ते कोल्हापूर चाचणीत घाट चढून पहिली आली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेतली. हे मॉडेल १९२६ पर्यंत बनत राहिलं.

इंजिन ठणठणीत झालं, बनवणारा मात्र नाही. १२ जुलै १९१० रोजी बोर्नमथला विमान कोसळून रोल्स गेला, अवघ्या ३२ व्या वर्षी. पुढच्याच वर्षी रॉईस गंभीर आजारी पडला. डॉक्टरांनी फार दिवस उरले नाहीत असं सांगितलं, आतड्याचं मोठं ऑपरेशन झालं. न जेवता काढलेल्या वर्षांची किंमत, दुसरं काय! यानंतर तो डर्बीच्या कारखान्यापासून लांब, हिवाळ्यात फ्रान्सच्या समुद्रकाठी आणि एरवी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहिला. नर्स एथेल ऑबिन त्याची काळजी घ्यायची आणि तो अंथरुणातून, बागेतल्या खुर्चीतून ड्रॉइंग तपासायचा. ड्रॉइंग पोस्टाने डर्बीला जायची, पार्ट मोडला की त्याचा रिपोर्ट परत यायचा.

मोजके दिवस उरलेल्या या माणसाने आणखी वीसहून जास्त वर्षं काम केलं. पहिल्या महायुद्धात ईगल हे विमानाचं इंजिन केलं. १९१९ मध्ये अल्कॉक आणि ब्राउन यांनी दोन ईगल इंजिनांच्या विमानातून न थांबता अटलांटिक ओलांडला. १९३१ मध्ये त्याच्या ‘आर’ इंजिनाने इंग्लंडला श्नायडर ट्रॉफी कायमची मिळवून दिली. १९३०ला बॅरोनेट झाला, सर झाला, तरी स्वतःची ओळख मेकॅनिक अशीच सांगायचा. २२ एप्रिल १९३३ला वेस्ट विटरिंगला तो गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मर्लिन इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, तेच पुढे दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायरमध्ये बसलं. तो आवाज ऐकायला रॉईस नव्हता.

आपल्या लॅबमध्ये टेस्ट पीस मोडला की आपण रीडिंग घेतो आणि तुकडे स्क्रॅपच्या डब्यात टाकतो. रीडिंग जुळलं नाही तर शेजारच्या बॅचचं उतरवतो. (खोटं कशाला बोला!) पुढच्या वेळी तुकडा टाकायच्या आधी एकदा हातात घेऊन तो कुठून आणि का मोडला ते बघूया. जर्नलमध्ये त्याला मार्क नाहीत, पण रॉईसचं सगळं शिक्षण तिथेच झालं. आणि हो, मेस बंद व्हायच्या आधी जेवून घ्या. ते मात्र त्याच्याकडून शिकू नका.