मातीतील कारागीर

मुलांनो, नखांवरचा रंग पुसायचे झोंबऱ्या वासाचे द्रव तुम्ही पाहिले असेल. त्यात पुष्कळदा असिटोन असते. हे असिटोन जिवाणूंकडून बनवून घेणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाची हकिगत आज वाचा.

खाइम वाइझमन यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७४ रोजी मोताल या खेड्यात झाला. ते तेव्हा रशियन साम्राज्यात होते. आज बेलारूस देशात आहे. वडील लाकडाचे व्यापारी. घरात पंधरा भावंडे! रशियातील विद्यापीठांत ज्यू मुलांना मोजक्याच जागा असत. म्हणून ते जर्मनीत व पुढे स्वित्झर्लंडमध्ये शिकले. १९०४ साली ते इंग्लंडमधील मँचेस्टर येथे गेले व तेथील विद्यापीठात शिकवू लागले.

तेथे त्यांना कृत्रिम रबर बनवायचे होते. त्यासाठी ब्युटेनॉल हवे होते. धान्यातील पिष्टापासून ते तयार करणारा एक जिवाणू त्यांनी शोधून काढला. हा जिवाणू मातीत राहतो. त्याला हवेतील ऑक्सिजन सोसत नाही. संकट आले की तो कठीण कवचाचा बीजाणू बनतो. नमुना थोडा वेळ उकळला, की इतर बरेच जिवाणू मरतात आणि हा उरतो. मक्याचा लगदा त्याने आंबवला, की सहा भाग ब्युटेनॉल, तीन भाग असिटोन व एक भाग अल्कोहोल मिळे.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि रबर बाजूला राहिले. कॉर्डाइट ही तोफेची दारू बनवण्यास असिटोन लागे. तोवर ते लाकूड बंद भांड्यात तापवून काढत. पुष्कळ लाकडातून थोडेसेच मिळे. ब्रिटिश आरमाराने वाइझमन यांना बोलावले. लंडनमधील मद्याच्या एका कारखान्यात मोठ्या टाक्यांत प्रयोग सुरू झाले. काचेच्या भांड्यात साधते ते टाकीत साधेलच असे नाही. परका जंतू शिरला, तर सारा लगदा वाया! तरीही काम जमले.

१९१७ साली मका कमी पडला. मग इंग्लंडच्या शाळकरी मुलांनी हॉर्स चेस्टनट झाडाची फळे गोळा केली. ती कशाला हवीत, हे त्यांना सांगितले नव्हते. त्यांतून असिटोन मात्र फारसे निघाले नाही.

पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचे राष्ट्र व्हावे, या चळवळीचे वाइझमन हे पुढारी होते. १९४८ साली इस्राएल स्थापन झाले. त्या काळात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी अरबांना घरेदारे सोडावी लागली. ही गोष्ट बाजूला ठेवून त्यांचे चरित्र सांगता येत नाही. १९४९ साली ते त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले आणि १९५२ साली वारले.

आणि ते ब्युटेनॉल? युद्धात त्याला कोणी विचारत नव्हते. युद्धानंतर मोटारींच्या लवकर वाळणाऱ्या रंगासाठी त्यालाच मागणी आली. पुढे खनिज तेलापासून ही द्रावके स्वस्तात बनू लागली आणि आंबवण्याचे बहुतेक कारखाने बंद पडले.