दिव्यापलीकडच्या नाइटिंगेल

दरवर्षी १२ मे रोजी परिचारिका दिन साजरा होतो, तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे एकच चित्र आपल्यापुढे ठेवले जाते. स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात हाती दिवा घेऊन रात्री फिरणारी ती सेविका! वस्तुतः त्यांच्या ९० वर्षांच्या आयुष्यातील क्रिमियन युद्धाचा हा काळ जेमतेम दोन वर्षांचा. त्यानंतर ही सेविका दीर्घकाळ स्वतःच रुग्णाईत होती, याचा उच्चार क्वचितच होतो.

१८२० साली एका सधन इंग्रज कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरच्यांचा विरोध पत्करून त्या परिचर्या शिकल्या आणि नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ सहकारी स्त्रियांसह स्कुटारीस पोहोचल्या. तेथे जखमांपेक्षा हगवण, ताप आणि पटकी यांनीच अधिक सैनिक दगावत होते. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करवली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने उतरले. युद्धानंतर हेच सत्य नाइटिंगेल यांनी आकडे व आकृत्या यांच्या साहाय्याने राज्यकर्त्यांच्या गळी उतरवले. लंडनच्या सांख्यिकी संस्थेने १८५८ साली त्यांना आपली पहिली स्त्री सदस्य करून घेतले. अर्थशास्त्राच्या अध्यापकाला हा मान दिव्याहून मोठा वाटला, तर नवल नाही.

मे १८५५ मध्ये क्रिमियात त्यांना तीव्र तापाने गाठले. त्यातून त्या उठल्या खऱ्या; परंतु १८५७ साली प्रकृती पुरती ढासळली. पाठीच्या कण्यातील वेदना, छातीची धडधड आणि कमालीचा थकवा यांनी त्यांना अनेक वर्षे अंथरुणाला खिळवले. त्याच अंथरुणावरून त्यांनी १८६० साली सुरू झालेल्या परिचारिका विद्यालयाला दिशा दिली आणि हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याविषयीच्या १८६३ च्या अहवालासाठी अपार श्रम घेतले. हा देश त्यांनी कधी पाहिला नाही. तथापि पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता.

एवढे काम करणारी व्यक्ती आजारी कशी असेल, अशी शंका काहींनी घेतली. दुखणे मनाचे आहे, सोंग आहे, असेही म्हटले गेले. १९९५ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निराळे निदान मांडण्यात आले : ब्रुसेलोसिस. या रोगाचा जंतू १८८७ साली माल्टात सापडला. ज्या पेशींनी त्याचा नाश करायचा, त्यांच्यातच तो दडून राहतो. म्हणून ताप उतरतो, पुन्हा उलटतो आणि मणक्यांत ठाण मांडतो. हे निदान आता सिद्ध करता येणार नाही. परंतु नाइटिंगेल यांच्या तक्रारींशी ते बरेचसे जुळते. रोगाची आतली प्रक्रिया ठाऊक नव्हती, म्हणून रुग्णाच्या शब्दावर अविश्वास दाखवला गेला. जंतूंचा सिद्धान्त स्वतः नाइटिंगेल यांनीही बराच काळ मानला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

आज आपल्या देशातील निम्म्याहून अधिक मृत्यू मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांसारख्या असंसर्गजन्य रोगांनी होतात. दीर्घकालीन मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची संवेदना नष्ट होऊ शकते. अशा वेळी जखम चिघळली तरी दुखत नाही. हे जाणणारी परिचारिका तक्रारीची वाट न पाहता पाय तपासते. दुर्बल हृदयामुळे शरीरात मीठ व पाणी साठते, हे जिला समजले, ती रुग्णाचे वजन रोज करते आणि धाप लागण्यापूर्वी डॉक्टरांना सावध करते. हे ज्ञान केवळ डॉक्टरांपुरते राखून ठेवणे आपल्याला परवडणारे नाही. परिचारिकेला ते शिकण्यास सवड आणि वापरण्यास अधिकार हवा. दिनाच्या हारतुऱ्यांपेक्षा नाइटिंगेल यांना ते अधिक मानवले असते.