कै. डॉ. आनंदीबाई जोशी : परदेशातील खाणेपिणे व राहणी



कै. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे नाव आपणांपैकी बहुतेकींनी शाळेतच ऐकलेले असते. अमेरिकेस जाऊन डॉक्टर होऊन आलेली पहिली हिंदी स्त्री, एवढी ओळख सर्वांना असते. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी १९६८ साली निघाली आणि त्याच नावाचा चित्रपट २०१९ साली आला, त्यामुळे ही कथा घरोघर पोहोचली. परंतु अठरा वर्षांची ही मुलगी परमुलखात तीन वर्षे जेवली काय, ल्याली काय, थंडीत निजली कशी, हे आपण क्वचितच विचारतो. हा प्रश्न आपल्या रोजच्या चुलीजवळचा आहे, आणि आनंदीबाईंच्या आयुष्याचा मोठा भाग त्यातच गुंतलेला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र या बाजूने सांगण्याचे योजिले आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. कल्याणचे जोशी हे त्यांचे माहेर, आणि माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचे लग्न गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर होते, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते आणि टपालखात्यात नोकरीस होते. बायकोने शिकलेच पाहिजे हा त्यांचा हट्ट इतका कडक होता की, अभ्यास टाकून ती स्वयंपाकघरात रमलेली दिसली म्हणून त्यांनी तिला मारल्याची हकीकत सांगतात. त्या काळी बायका अभ्यासासाठी नव्हे, तर स्वयंपाक बिघडला म्हणून मार खात. येथे सारेच उलटे होते. मार मात्र दोन्हीकडे बाईच्याच पाठीवर पडला, हेही विसरून चालणार नाही.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. वेळेवर योग्य उपचार मिळाले असते तर, हे शल्य त्यांच्या मनात कायमचे राहिले. पुरुष डॉक्टरापुढे आपली दुखणी सांगण्यास बायका लाजत आणि स्त्री डॉक्टर तर क्वचितच मिळे. आपण वैद्यकी शिकावी हा त्यांचा निश्चय येथून झाला.

गोपाळरावांची बदली होत होत हे जोडपे कच्छमधील भुजला राहिले आणि पुढे कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला गेले. दरम्यान अमेरिकेत न्यू जर्सीमधील रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दातांच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता, तेथे पडलेल्या एका मासिकात गोपाळरावांचे पत्र त्यांच्या वाचनात आले. बायकोला शिकवू इच्छिणाऱ्या या दूरच्या माणसाविषयी त्यांना आपुलकी वाटली आणि पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. डोकेदुखी, ताप, अशक्तपणा ही आनंदीबाईंची दुखणी हिंदुस्थानातच सुरू झाली होती. मावशींनी तिकडून औषधे पाठविली, पण गुण आला नाही. तेव्हा त्या अमेरिकेस निघाल्या त्या धडधाकट प्रकृतीने नव्हे, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

समुद्र ओलांडणे म्हणजे धर्म बुडविणे अशी तेव्हाची समजूत होती. चोहोकडून टीका होऊ लागली, तेव्हा १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भर सभेत भाषण केले. एकेका आक्षेपास त्यांनी उत्तर दिले आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ असे सांगितले. आचारविचार, वेष व अन्न सोडणार नाही असा त्याचा अर्थ होता. सभेत असे सांगणे एकवेळ सोपे असते. ते पाळावे लागते रोज दोन वेळा, ताटावर बसताना.

७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजात चढल्या आणि ४ जून रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव बरोबर नव्हते. मांसमच्छी न खाणाऱ्याची अशा जहाजावर पंचाईत होते, आणि हा प्रवास जवळजवळ दोन महिन्यांचा होता. पुढे काय वाढून ठेवले आहे याची चुणूक त्यांना बोटीवरच मिळाली असली पाहिजे.

रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी त्या उतरल्या आणि पहिले काही महिने सुखाचे गेले. त्या घराने त्यांच्या खाण्याच्या नियमांचा मान राखला. आनंदीबाईंनीही हातपाय गुंडाळून पाहुणचार घेतला नाही. त्यांनी त्या घरी स्वतः रांधून तिकडच्या मंडळींना आपल्याकडच्या पद्धतीने जेवू घातले. ज्या मुलीने स्वयंपाकघरात राहू नये म्हणून मार खाल्ला, तिला परक्या देशात याच विद्येने चार माणसांत आपलेपणा मिळवून दिला. शिक्षण आणि चूल ही एकमेकींच्या वैरिणी नव्हेत, हे यावरून दिसते.

नंतर त्या फिलाडेल्फियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथील प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांस मायेने वागविले व शिष्यवृत्तीही मिळाली. खरी परीक्षा येथे सुरू झाली. राहावयास मिळालेल्या खोलीतील भिंतीतली शेगडी बिघडलेली होती. पेटवावी तर खोलीभर धूर, न पेटवावी तर हाडे गोठविणारा गारठा, असा पेच. धूर की थंडी यांतून रोज एक निवडावयाचे आणि त्यातच पुस्तके वाचावयाची. आपल्याकडे माघात पहाटे नळाचे पाणी हाताला चावते, तेवढ्यावर आपण कुरकुरतो. तेथे कित्येक महिने बर्फ.

वेषाचा प्रश्न आनंदीबाईंनी फार समजुतीने सोडविला. आपले नऊवारी लुगडे कासोट्याचे, त्यात पोटऱ्या उघड्या राहतात. तिकडच्या थंडीत ते निभणे शक्य नव्हते, आणि तिकडच्या रीतीलाही ते सोडून होते. म्हणून त्यांनी घोट्यापर्यंत झाकणारी गुजराती पद्धतीची साडी नेसावयास घेतली. भुजला राहिल्यामुळे ती पद्धत त्यांच्या पाहण्यातली होती. झगा घातला नाही आणि लुगड्याचाही हट्ट धरला नाही. गोपाळरावांची पत्रे येत, त्यांत कधी उत्तेजन असे, कधी टोचणीही असे. शेकडो कोसांवरून सल्ला देणे सोपे असते. थंडी मात्र जिची तिलाच सोसावी लागते, आणि आनंदीबाईंनी हा निर्णय स्वतःच्या बुद्धीने घेतला.

१० ऑक्टोबर १८८५ रोजी काढलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात साडीतील आनंदीबाई, किमोनोतील जपानच्या केई ओकामी आणि आपल्या देशी पेहरावातील सीरियाच्या साबात इस्लामबुली अशा तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी आहेत. तिघी तीन देशांच्या, शिकत एकच विद्या. ते चित्र पाहिले म्हणजे त्या कॉलेजात आनंदीबाई अगदीच एकट्या नव्हत्या, याचे बरे वाटते.

अन्नाच्या बाबतीत मात्र त्यांनी तडजोड केली नाही. शाकाहार शेवटपर्यंत पाळला. आपण नुसते मांस वगळले तरी मागे वरण, भात, भाकरी, उसळ, ताक, चटणी असे भरलेले ताट उरते. तिकडच्या ताटातून मांस वगळले की पाव, बटाटे, दूध व उकडलेली भाजी यांपलीकडे फारसे उरत नसे. डाळ, मसाला विकणारी आपली दुकाने तेव्हा तेथे कोठून असणार? शिवाय दिवसभर अभ्यास, म्हणजे रांधावयास सवड नाही. व्रत तेच असले तरी दोन मुलखांत त्याचे मोल किती निराळे पडते, ते येथे कळते. पंडिता रमाबाईही त्याच वर्षी, १८८३ मध्ये, इंग्लंडला गेल्या. त्यांनी पुढे ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तरी शाकाहार सोडला नाही. म्हणजे हा प्रश्न केवळ धर्माचा नव्हता. लहानपणापासून जिभेला व मनाला लागलेली सवय मत बदलले तरी सुटत नाही.

प्रकृती ढासळत गेली, पण अभ्यास थांबला नाही. प्राचीन हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र हा विषय घेऊन त्यांनी प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी एम. डी. ही पदवी मिळविली. समारंभास गोपाळराव हजर होते, आणि पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूर संस्थानने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक केली. परंतु तोवर क्षयाने त्यांना गाठले होते. १८८६ च्या नोव्हेंबरात त्या मुंबईस उतरल्या. कोल्हापूरचे काम हाती घेणे झालेच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. वय बावीसही पुरे नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक उभे आहे.

आता मनात येते की, त्यांनी मांस खाल्ले असते तर त्या वाचल्या असत्या काय? असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. क्षय जंतूंमुळे होतो, आणि तो जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या आदल्याच वर्षी, शोधून काढला. त्यावर खरे गुणकारी औषध निघावयास पुढे साठ वर्षे लागली. शाकाहाराने क्षय होत नाही, थंडीनेही होत नाही. परंतु अंगात रोगाशी झुंजण्याची ताकद अर्धपोटी राहून व गारठून टिकत नाही, हेही तितकेच खरे. दोष व्रताचा नव्हता. त्या व्रतास पुरेल असे ताट आणि ऊब देणारी शेगडी त्यांना मिळाली नाही. आणि जी मुलगी साऱ्यांना प्रकृती जपण्याचे शास्त्र शिकत होती, तिला स्वतःची प्रकृती जपण्यास सवड राहिली नाही.

ही गोष्ट आज आपल्या फायद्याची आहे. आपल्या वारंगा फाट्यावर हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ या तिन्ही बाजूंच्या वाटा मिळतात. उतारू येथे थांबून खिचडी खातात व पुढे जातात. आपल्या मुलीही याच फाट्यावरून गाडीत बसून नांदेडला, पुण्याला, काही तर परदेशी शिकावयास जातात. त्यांना निरोप देताना आपण काय सोडू नकोस तेवढे बजावून सांगतो. उपवास करते की नाही तेही फोनवर विचारतो. त्याबरोबरच पोटभर जेवतेस ना, खोलीत ऊब आहे ना, दुखले खुपले तर सांगतेस ना, हेही विचारावे. मुलीने आनंदीबाईंप्रमाणे साडीची पद्धत बदलली, तर रागावू नये. डब्यात मेतकूट, चटणी, भाजणी बांधून द्यावी, आणि दोन भांड्यांत वरणभात करण्याची युक्ती मुलांनाही शिकवावी.

दुसरी गोष्ट कार्पेंटर मावशींची. त्यांचे नाव आपण आनंदीबाईंइतके घेत नाही, पण पत्रापलीकडे कधी न पाहिलेल्या मुलीला त्यांनी घर दिले, तिचे नियम मोडावयास लावले नाहीत आणि तिच्यामागे तिची रक्षा आपल्या माणसांत ठेवली. आपल्याही शाळांतून, दवाखान्यांतून परगावच्या शिक्षिका, परिचारिका एकट्या राहतात. त्यांच्या ताटाची चौकशी करणे हे मंडळाने अंगावर घेण्याजोगे काम आहे. त्यास वर्गणी लागत नाही. सणाच्या दिवशी एक जास्तीचे पान वाढले आणि आजारपणात गरम पेज पोहोचविली तरी पुरे होते. यंदाच्या वर्षी प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या आळीतील अशा एकीची तरी जबाबदारी घ्यावी, अशी विनंती आहे.