प्रश्न विचारणारा गुरु

शाळा म्हटली म्हणजे बांकें, फळा व पुस्तकें आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. इ. स. पूर्वी ४७० च्या सुमारास ग्रीस देशांतील अथेन्स नगरांत जन्मलेल्या सॉक्रेटिसापाशीं यांपैकीं कांहींच नव्हतें. बाप पाथरवट, आई सुईण. बसकें नाक, बटबटीत डोळे व अनवाणी पाय, असा हा पुरुष बाजारांत व तालीमखान्यांत जाई आणि भेटेल त्यास प्रश्न विचारी. त्या काळचे सॉफिस्ट नांवाचे पंडित भरपूर द्रव्य घेऊन वक्तृत्व शिकवीत. यानें मात्र कोणापासून एक पैही घेतली नाहीं. त्याची पत्नी झँथिपी हिनें तीन मुलांचा संसार कसा रेटला असेल, याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं; तिला कजाग म्हणून मात्र सारे मोकळे होतात!

आपण आईचाच धंदा चालवितों, असें तो म्हणे. ज्ञान शिष्याच्या मनांतूनच बाहेर आलें पाहिजे, गुरूनें केवळ साहाय्य करावें, असा त्याचा आशय. मेनो नामक सरदाराच्या एका गुलाम पोरास त्यानें भूमिति कशी शिकविली, हें शिष्य प्लेटो यानें लिहून ठेविलें आहे. पोरास ग्रीक भाषा येते ना, एवढीच चौकशी करून सॉक्रेटिसानें २ फूट बाजूचा चौरस काढला. क्षेत्रफळ ४ चौरस फूट. तें दुप्पट करावयाचें, तर बाजू केवढी घ्यावी? बाजूही दुप्पट, असें पोरानें बेधडक सांगितलें. मोजून पाहतां क्षेत्रफळ १६ भरलें. मग तो ३ फुटांवर आला. तेव्हां ९ भरलें. आतां आपणांस येत नाहीं, असें त्यानें कबूल केलें. पुष्कळ शिक्षक येथें उत्तर सांगून मोकळे झाले असते. सॉक्रेटिसास हीच घटका मोलाची वाटली. कारण आपणांस येत नाहीं हें कळल्यावांचून शोध कोण करणार? पुढें प्रश्नोत्तरांनींच पोराच्या ध्यानांत आलें कीं, मूळ चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस बरोबर दुप्पट होतो. (वाचकांनीं कागदावर काढून पाहावा.) खरें म्हटलें तर कर्णाची रेषा गुरूनेंच दाखविली, व प्रश्नही बरेच सूचक होते; पण प्रत्येक पायरीस होय किंवा नाहीं म्हणण्याचें काम पोराचेंच होतें. आज दूरदूरच्या गांवचीं मुलें संगणकाच्या पडद्यावर एकत्र जमून प्राचीन ग्रंथांवर चर्चा करितात, त्यांचीही रीत हीच आहे.

ही रीत निरुपद्रवी मात्र नव्हे. गुरूचें पाहून तरुण मुलें वडीलधाऱ्यांस प्रश्न विचारूं लागलीं, आणि कित्येकांचें अज्ञान चारचौघांत उघडें पडलें. त्यांतच इ. स. पूर्वी ४०४ मध्यें अथेन्सचा स्पार्टाकडून पराभव झाला, व तीस जुलमी कारभारी सत्तेवर आले. त्यांचा अग्रणी क्रिटिअस हा एके काळीं सॉक्रेटिसाच्या मंडळींत वावरलेला. लिऑन नामक निरपराध्यास पकडून आणण्याची याच कारभाऱ्यांची आज्ञा सॉक्रेटिसानें जिवावर उदार होऊन मोडली होती. पण लोकांचा राग असले हिशेब पाहत नाहीं. इ. स. पूर्वी ३९९ मध्यें, नगराचे देव न मानणें, नवीं दैवतें आणणें व तरुणांस बिघडविणें या आरोपांवरून सुमारें ५०० पंचांनीं बहुमतानें त्यास दोषी ठरविलें. शिक्षा स्वतः सुचविण्याची पाळी आली, तेव्हां नगरानें आपणांस मानाचें भोजन द्यावें, असें सांगून त्यानें त्यांस अधिकच चिडविलें. शिक्षा देहान्ताची झाली.

डिलॉस बेटास गेलेलें पवित्र जहाज परत येईपर्यंत कोणास मारावयाचें नाहीं, या नियमामुळें त्याचे कांहीं दिवस तुरुंगांत गेले. मित्र क्रिटो यानें पळून जाण्याची तजवीज केली होती. पण जे कायदे जन्मभर मानले ते आज मोडणें न्याय्य होईल काय, या त्याच्या प्रश्नास क्रिटोजवळ उत्तर नव्हतें. शेवटच्या दिवशीं आत्म्याच्या अमरत्वावर चर्चा चालली. अशा वेळीं शंका काढण्यास सिमिअस व सीबीझ हे मित्र संकोचले, तेव्हां त्यानेंच त्यांस आग्रहानें बोलतें केलें. सूर्यास्ताच्या सुमारास विषाचा पेला आला, तो त्यानें शांतपणें पिऊन टाकला. त्यानें स्वतः एक ग्रंथही लिहिला नाहीं. हें सारें आपणांस मुख्यतः प्लेटोमुळें कळतें, आणि प्लेटो त्या दिवशीं आजारी असल्यामुळें तेथें नव्हता.