मोरोपंत चोविशीपर्यंत शिकत होते! मुलांचा मेंदू घडायला किती वर्षं लागतात?

बारामती म्हटलं की कविवर्य मोरोपंतांचं नाव येतंच. पण ते जन्माने बारामतीचे नव्हते. मोरोपंत रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९ मध्ये पन्हाळगडावर झाला. घराणं मूळ कोकणातलं, राजापूरजवळच्या सौंदळ गावचं. कऱ्हेकाठी ते आले तेव्हा वयाची साधारण २४ वर्षं उलटली होती. त्याआधीची त्यांची वर्षं कशी गेली, हे आज दहावी-बारावीच्या मुलांच्या आईवडिलांनी जरूर पाहावं.

पन्हाळ्यावर काय घडलं?

मोरोपंत केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वानांकडे शिकले. व्याकरण, काव्य, अलंकार, वेदान्त असा तो अभ्यास होता. पोरवयात सुरू झालेलं हे शिक्षण ऐन तारुण्यापर्यंत चाललं. म्हणजे ज्या वयात मन सर्वांत जास्त भरकटतं, त्या वयात त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. घरच्यांनी शिकायला वेळ दिला आणि घराबाहेर भरवशाची जाणती माणसं लाभली.

मेंदूच्या दृष्टीने या वयाचं महत्त्व काय?

पूर्वी समज असा होता की मेंदू लहानपणीच पूर्ण तयार होतो. १९९० च्या दशकापासून त्याच मुलांच्या मेंदूची काही वर्षांच्या अंतराने एमआरआय तपासणी होऊ लागली आणि चित्र बदललं. कपाळामागचा भाग, म्हणजे पुढचा विचार करणारा आणि स्वतःला आवर घालणारा भाग, सर्वांत शेवटी तयार होतो. हे काम विशीच्या मध्यापर्यंत चालतं. भावना आणि मजेची ओढ यांच्याशी जोडलेले भाग मात्र वयात येतानाच जोरात कामाला लागतात. गाडीला वेग आधी येतो, ब्रेक नंतर बसतो!

याच काळात मेंदूत छाटणीही होते. इंदापूरच्या द्राक्ष बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची, यावर पुढचा माल ठरतो. मेंदूत चेतापेशींचे जे जोड रोज वापरात असतात ते पक्के होतात, न वापरलेले गळतात. मुलगा किंवा मुलगी या वयात रोज काय करते, याला म्हणून महत्त्व आहे.

बारामतीत पुढे काय झालं?

मोरोपंतांचे वडील बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या चाकरीत होते. हे नाईक मोठे सावकार आणि पेशव्यांचे सोयरे. त्यांचे बंधू आबाजी यांना थोरल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई दिलेली होती. बाबूजींनी मोरोपंतांना पुराणिक म्हणून आश्रय दिला. तिथून पुढची सुमारे चार दशकं मोरोपंत लिहीत राहिले. अख्खं महाभारत त्यांनी आर्या वृत्तात मराठीत आणलं. १०८ रामायणं रचल्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठ जुळवून उच्चारायची अक्षरंच नाहीत. इतका संयम, इतकी आखणी एका दिवसात येत नाही. ती पन्हाळ्यावरच्या सवयीची कमाई होती, असं म्हणायला जागा आहे.

संगतीचा मुद्दा कुठून आला?

मोरोपंतांच्या केकावलीतली चांगल्या संगतीची मागणी करणारी प्रार्थना कित्येक शाळांतून म्हटली गेली आहे. देवाकडे काय मागायचं, तर आधी संगत! २००५ मध्ये अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी संगणकावरच्या गाडी चालवण्याच्या खेळातून याच मुद्द्याची तपासणी केली. १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना जपून खेळली, दोस्त शेजारी बसले की त्यांनी बराच जास्त धोका पत्करला. मोठ्या माणसांवर दोस्तांचा असा परिणाम दिसला नाही.

मग आईवडिलांच्या हातात काय राहतं?

बरंच काही. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण १२ वर्षांची मुलं आणि त्यांच्या आया घरातल्या वादाच्या विषयावर कशा बोलतात, हे त्यांनी पाहिलं. सुमारे चार वर्षांनी मुलांच्या मेंदूची पुन्हा तपासणी झाली. ज्या आया वादातही मायेने, समजून घेऊन बोलल्या, त्यांच्या मुलांत भावना आणि आवर यांच्याशी संबंधित भागांची वाढ वेगळ्या, अधिक अनुकूल वळणाने झालेली दिसली. एवढ्यावरून बोलण्यामुळेच मेंदू बदलला, असं सिद्ध होत नाही. पण घरातल्या भाषेकडे दुर्लक्ष करू नये, इतकं नक्की.

बारामती-इंदापूरची अनेक मुलं दहावीनंतर क्लाससाठी पुण्याला, लातूरला जाऊन राहतात. सोळाव्या वर्षी गुण कमी पडले की आयुष्य संपलं, असं घरातच बोललं जातं. त्याऐवजी काय करता येईल?

• रोज फोन करा. आधी जेवण-झोप विचारा, मार्क नंतर.
• झोपेत कपात करून अभ्यास वाढवू नका. या वयात आठ ते दहा तास झोप लागते.
• मित्रांना घरी बोलवा, त्यांची नावं माहीत करून घ्या.
• विश्वासाचा एखादा शिक्षक, मामा किंवा आत्या मुलाच्या संपर्कात राहू द्या.
• नियम थोडे ठेवा, पण त्यामागचं कारण सांगा. वय वाढेल तसे निर्णय मुलांच्या हाती सोपवा.

मोरोपंतांनी १५ एप्रिल १७९४ रोजी बारामतीतच देह ठेवला. पाऊण लाखाच्या घरात जाणारी कविता त्यांच्या नावावर आहे. चोविशीपर्यंत शिकत राहिलेल्या या मुलाला उशीर झाला, असं आज कुणी म्हणणार नाही. तुमच्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलालाही अजून भरपूर वेळ आहे.